शाळेने मुलांचा 'मेंटल हेल्थ स्कोर' काढलाय, तुमच्याकडे पण आलाय का?

सुदामानगरची:
मंडळी, इंदूरमधले पालक कोणी असाल तर जरा सांगा. आमचे चिरंजीव नववीत, सीबीएसई शाळा, नाव लिहित नाही. परवा शाळेच्या ॲपवर एक रिपोर्ट येऊन पडला, वर शाळेचा लोगो, खाली 'स्टुडंट वेलबीइंग रिपोर्ट' आणि मधे लाल गोळ्यात २०. ४० पैकी. बाजूला 'ॲबनॉर्मल'. बस एवढंच. ना फोन, ना खुलासा, तळाशी फक्त 'काइंडली काउन्सेल युअर वॉर्ड'.

आता आमचं ध्यान घरात चांगलं आहे हो, म्हणजे पंधराव्या वर्षी जितकं असतं तितकं. मोबाइल काढून घेतला की दार आपटतो, रात्री अकराला मॅगी लागते, क्रिकेट असलं की जगाचं भान नाही. सासूबाईंनी तो लाल गोळा बघितला आणि तेव्हापासून त्याच्या ताटात तूप जास्त पडायला लागलंय आणि माझ्याकडे बघायची नजर बदललीये. नवरा म्हणतो शाळेला कोणीतरी पॅकेज विकलंय, सोडून दे. माझ्याच्याने सोडवत नाहीये. त्यात कहर म्हणजे पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी अख्ख्या सेक्शनची शीटच टाकली, रोल नंबरसकट, लाल पिवळा हिरवा. ११ लाल. नंतर डिलीट झाली, पण तोवर कोणाची बघायची राहिली असेल?

तर प्रश्न असा की मुलांचं मन असं खरंच मोजता येतं का, आणि २० म्हणजे नेमकं काय समजायचं?

पोहे_विदाउट_सेव:
४० पैकी २०? आमच्या वेळी एवढ्यावर सराफा बाजारात खायची पार्टी मिळायची.
(हलकेच घ्या ताई, वाचतोय.)

खातेवही:
ताई, प्रश्न किती होते आणि प्रत्येकाला पर्याय किती? फॉर्मचं नाव कुठे दिसतंय का बघा. नाव कळल्याशिवाय आकड्यावर बोलण्यात अर्थ नाही.

सुदामानगरची:
विचारलं. २५ वाक्यं, प्रत्येकाला तीन पर्याय, 'नॉट ट्रू', 'समव्हॉट ट्रू', 'सर्टनली ट्रू'. रिपोर्टच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात 'एसडीक्यू' लिहिलंय. कॉम्प्युटर लॅबमधे बसवून भरून घेतला, शेवटचा पिरेड, वर रोल नंबर टाकायचा आणि क्लास टीचर रांगांमधून फिरत होत्या.

विश्वामित्री:
वडोदऱ्याहून लिहितेय, शाळेत काउन्सेलर आहे म्हणून तोंड घालते. एसडीक्यू म्हणजे स्ट्रेंग्थ्स अँड डिफिकल्टीज क्वेश्चनेअर, रॉबर्ट गुडमन या ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञाने १९९७ मधे आणलेला. चांगला फॉर्म आहे, जगभर वापरतात, हिंदी-गुजरातीतही आहे. पाच गोष्टींवर पाच-पाच वाक्यं: भावनिक त्रास, वागणुकीच्या तक्रारी, चंचलपणा, मित्रांशी जमणं आणि दुसऱ्याला मदत करणं. यातलं मदत करणं बेरजेत धरत नाहीत, म्हणून २० वाक्यं गुणिले जास्तीत जास्त २, असे ४०. मुलाने स्वतः भरायचा फॉर्म ११ ते १७ वयासाठी. त्यात १५ पर्यंत ठीक, १६ ते १९ काठावर, २० आणि वर लाल.

पण या रेषा कशा ठरल्या ते कोणी पालकांना सांगत नाही. ब्रिटनमधली साधारण ८० टक्के मुलं 'ठीक'मधे, १० टक्के काठावर आणि १० टक्के वर येतील अशा हिशोबाने त्या ओढल्यात. म्हणजे लाल याचा अर्थ एवढाच, की तिकडच्या मुलांशी तुलना केली तर हे मूल वरच्या दहात एक आहे. आजार आहे असं तो फॉर्म म्हणतच नाही. ही चाळणी आहे, वर जे राहील त्याच्याशी माणसाने बसून बोलायचं आणि मग ठरवायचं. तुमच्या शाळेने चाळणीच रिपोर्ट म्हणून घरी पाठवून दिलीये. आणि शीट ग्रुपवर जाणं याला तर माझ्याकडे शब्द नाहीत.

खातेवही:
माझ्या डोक्यात ते २० अडकलंय. ताई, त्या शीटवर ११ लाल होते त्यातले बरोब्बर २०वाले किती होते आठवतंय का?

सुदामानगरची:
स्क्रीनशॉट आहे (मी पण माणूसच आहे). थांबा. सात. सात जण २०. का?

खातेवही:
आता गंमत बघा. बेरजेतल्या २० वाक्यांपैकी १५ सरळ आहेत, म्हणजे 'मला खूप काळजी वाटते' छाप, खरं असेल तर २ गुण. ५ उलटी आहेत, 'मला निदान एक चांगला मित्र आहे' छाप, त्यात खरं असेल तर ० आणि खोटं असेल तर २. आता एखाद्या पोराने काही न वाचता सगळीकडे पहिला पर्याय मारला तर सरळ १५ ला शून्य आणि उलट्या ५ ला दोन-दोन, बेरीज १०. सगळीकडे शेवटचा मारला तर ३०. आणि सगळीकडे मधला मारला तर सरळ असो की उलटं प्रत्येकाला १च मिळतो, २० वाक्यांचे २०. डोळे मिटून.

आणि लाल कुठून सुरू होतं? २० पासून.

चिरंजीवांना विचारा शेवटच्या पिरेडला बस किती वाजता सुटते.

सुदामानगरची:
अहो हसू की रडू. आत्ता जेवताना विचारलं. आधी मान खाली, मग म्हणतो, "आई, आम्ही बीचवालंच टिक करून राहिलो होतो, मागून कोणीतरी म्हणालं बीचवाला मारो, बस निकल जाएगी." सातही जण एकाच बसचे!! सासूबाईंना सांगितलं तर म्हणतात तूप काही वाया जात नाही.

पोहे_विदाउट_सेव:
सासूबाईंना दंडवत.

जुना_लष्करकर:
ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं, आता निवृत्त. हे सगळं वाचून माझं जुनं मत पक्कं झालं की हा पोरखेळ आहे. मन काय मीटरने मोजायची वस्तू आहे? आमच्या वेळी हजेरी घेताना 'येस सर'च्या आवाजावरून कळायचं कोणाचं काय बिनसलंय. सहामाहीत मार्क घसरले की आम्ही घरी जाऊन यायचो. आता शिक्षकाला मुलाचं नाव ठाऊक नसतं आणि चालले स्कोर काढायला.

विश्वामित्री:
सर, तुमच्यासारखे शिक्षक होते हे मान्य आणि आवाजावरून ओळखणं हेही मान्य. पण तुम्ही ज्यांना ओळखलं ते तुम्हाला आठवतात, जे निसटले ते कसे आठवणार? शिक्षकाला दंगा करणारं मूल चटकन दिसतं. मागच्या बाकावर गप्प बसून वही पूर्ण करणारी मुलगी आतून कोसळलेली असली तरी शिक्षकाच्या लेखी ती 'गुणी'च असते.

यावर जुना अभ्यास आहे. १९८७ मधे अॅकेनबाख आणि सहकाऱ्यांनी ११९ अभ्यास एकत्र करून बघितलं की एकाच मुलाबद्दल वेगवेगळी माणसं काय सांगतात. आई आणि वडील यांचं आपसात बऱ्यापैकी जुळलं, ०.६ च्या आसपास (१ म्हणजे तंतोतंत). आणि मूल स्वतःबद्दल जे सांगतं ते मोठ्यांच्या सांगण्याशी जुळलं फक्त ०.२२. म्हणजे घरच्यांना, शिक्षकांना आणि मुलाला जवळजवळ तीन वेगळी मुलं दिसतात. यात कोणी खोटं बोलत नाही, घरी भांडणारा शाळेत सरळ असू शकतो. म्हणून तर या फॉर्मचे पालकांचा, शिक्षकांचा आणि मुलाचा असे वेगळे भाग आहेत, नुसत्या एकावर रंग द्यायचाच नसतो.

अनुस्वार:
सुदामानगरची, आपण बहुतेक एकाच शाळेतल्या. माझी मुलगी आठवीत, तिचा हिरवा आला, ९. घरात सगळे खूश, तिच्या बाबांनी स्टेटस ठेवायचंच बाकी होतं. पण वरचं 'गुणी' वाचलं आणि पोटात गोळा आला. हिला दर सोमवारी सकाळी पोटात दुखतं. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, जंताचं औषध झालं, काही निघत नाही. शनिवारी कधी दुखत नाही. डॉक्टर म्हणाले गॅस. मग हिरवा म्हणजे काही नाही असंच ना?

विश्वामित्री:
नाही, असं नाही. अनुस्वार, शाळेकडून एकूण बेरीज नको, पाच भागांचे वेगवेगळे आकडे मागून घ्या, ते त्यांच्या सॉफ्टवेअरमधे असणारच. भावनिक भाग १० पैकी असतो, मुलांनी भरलेल्या फॉर्ममधे ५ पर्यंत ठीक, ६ काठावर, ७ आणि वर लक्ष द्यायला हवं. डोकं दुखणं, पोट दुखणं हे वाक्य याच भागात आहे, उगाच नाही. आपल्याकडे मुलं 'मला भीती वाटते' म्हणायच्या आधी 'पोटात दुखतंय' म्हणतात आणि ते नाटक नसतं, खरंच दुखतं.

अनुस्वार:
आले आकडे. भावनिक ७. वागणूक ०, चंचलपणा १, मित्र १. बेरीज ९, हिरवा.

खातेवही:
म्हणजे शहाण्या मुलांना हा फॉर्म झाकतो. 'मी सहसा मोठ्यांचं ऐकते', 'हातात घेतलेलं काम पुरं करते' अशा सगळ्या बाजू शून्य, मग एका कोपऱ्यातला सात बेरजेत दिसेल कसा. बॅलन्स शीटची फक्त शेवटची ओळ वाचणाऱ्यांचं असंच होतं.

विश्वामित्री:
अनुस्वार, व्यनि (खासगी निरोप) केलाय. घाबरू नका, ७ म्हणजेही निदान नाही, पण सोमवारबद्दल तिच्याशी निवांत बोला. आणि 'शाळेत काय झालं' असं नका विचारू, गाडीवरून जाताना किंवा पोळ्या लाटताना बोला, समोरासमोर बसवून नको.

भंवरकुआं_रिटर्न:
आता २१ चा आहे, इंदूरमधेच भंवरकुआंला दोन वर्षं कोचिंग केलं, सिलेक्शन नाही झालं, सध्या बीएस्सी. आमच्याकडे पण एकदा फॉर्म आला होता गूगल फॉर्मवर, नऊ प्रश्नांचा, 'मागच्या दोन आठवड्यांत किती वेळा' असा. शेवटचा प्रश्न होता मरून गेलेलं बरं असं वाटतं का, स्वतःला इजा करावी वाटते का. तेव्हा माझं उत्तर 'जवळजवळ रोज' होतं. मी ० टाकलं. कारण फॉर्मच्या वर पहिला कॉलम वडिलांच्या मोबाइल नंबरचा होता, कंपल्सरी.

माझ्या रूममेटने खरं टाकलं. कोणाचाही फोन आला नाही, एक मेसेज आला 'स्टे पॉझिटिव्ह' आणि खाली पुढच्या टेस्ट सीरिजची लिंक. आम्ही दोघं खूप हसलो त्यावर. नंतर त्याच्याच ओळखीच्या एका सीनियरने आम्हाला धरून डॉक्टरकडे नेलं म्हणून ठीक आहे सगळं. तर तुम्ही मोठे लोक फॉर्म चांगला की वाईट यावर बोलताय ते बरोबर असेल, पण मुलगा आधी बघतो की हे वाचणार कोण. त्यावर ठरतं तो काय भरणार.

सुदामानगरची:
बाळा, तू लिहिलंस हे फार बरं केलंस. काळजी घे रे.

विश्वामित्री:
भंवरकुआं, जे तू चार ओळीत लिहिलंस ते आम्हाला ट्रेनिंगमधे शिकवायला हवं. तो नऊ प्रश्नांचा म्हणजे पीएचक्यू-९, २००१ चा, मुळात मोठ्यांच्या डिप्रेशनसाठी केलेला, ११ ते १७ वाल्यांसाठी त्याचं थोडं बदललेलं रूप आहे. २७ पैकी गुण. पण नववा प्रश्न बेरजेत मिसळून टाकायचा नसतो. बाकी आठही शून्य असले आणि नवव्याला १ जरी आला तरी त्याच दिवशी त्या मुलाशी माणसाने बोलायचं. एक्सेल शीट पुढच्या महिन्यात उघडणार असाल तर तो प्रश्न विचारूच नका. नाहीतर मुलाला कळतं की आपण सांगितलं तरी काही होत नाही, आणि पुढच्या वेळी ते कोणालाच सांगत नाही.

काही पालकांना वाटतं असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात येईल. तसं होत नाही, त्यावर भरपूर अभ्यास झालेत. विचारावं, पण ऐकायला कोणी असेल तर. कोणाला आत्ता गरज असेल तर १४४१६, टेलि-मानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, हिंदीत बोलता येतं, मराठी-गुजरातीतही.

जुना_लष्करकर:
भंवरकुआंवाल्या मुला, तुझं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. पण प्रश्न माझा उरतोच. समजा फॉर्म उत्तम, मुलांनी खरं भरलं. शाळेत हजार मुलं. लाल किती येतील आणि त्यांच्याशी बोलणार कोण?

खातेवही:
सर, गणिताच्या मास्तरांना गणितच देतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (निमहान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने केलेलं) १३ ते १७ वयात मानसिक आजार असलेले ७.३ टक्के निघाले. सोपं म्हणून हजारात ७० धरू. समजा फॉर्म असा आहे की खरा त्रास असलेल्या शंभरातल्या ८० ना पकडतो आणि त्रास नसलेल्या शंभरातल्या ८० ना बरोबर सोडतो. हे मी आपलं धरलंय, कुठल्या एका फॉर्मचं नाही. तर ७० पैकी ५६ पकडले, १४ निसटले. उरलेल्या ९३० पैकी १८६ उगाच लाल. एकूण लाल २४२, त्यात खरे ५६. म्हणजे लाल आलेल्या दर चारांतले तीन ठीकच असणार.

आता २४२ घरांत तो लाल गोळा गेला की किती सासूबाई आणि किती तूप याचा हिशोब तुम्हीच करा.

पोहे_विदाउट_सेव:
पण मग पेपरात ते ८१ टक्के मुलांना टेन्शन म्हणून छापून आलं होतं ते?

खातेवही:
ते वेगळं. एनसीईआरटीचं २०२२ चं, सहावी ते बारावीच्या पावणेचार लाखांहून जास्त मुलांना विचारलेलं. ८१ टक्क्यांनी सांगितलं की अभ्यास, परीक्षा, निकाल यांनी काळजी वाटते. वाटणारच, न वाटणारे १९ टक्के कोण ते मला बघायचेत. सात टक्केवाल्या सर्व्हेत माणसाने समोर बसून ठरलेल्या पद्धतीने मुलाखत घेऊन आजार आहे का बघितलं. एकात काळजी मोजली, एकात आजार, दोन्ही आकडे आपल्या जागी बरोबर. हेडलाइनवाले एकाचं टोपण दुसऱ्याला लावतात.

विश्वामित्री:
सरांचा 'बोलणार कोण' हाच खरा प्रश्न आहे, त्याला बगल नको. जुलै २०२५ मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक प्रशिक्षित काउन्सेलर हवा. कागदावर बऱ्याच ठिकाणी असतोही, आणि तोच सब्स्टिट्यूशनचे पिरेड घेतो, वार्षिक दिनाचा डान्स बसवतो. पण काउन्सेलर म्हणजे मोठी डिग्रीच पाहिजे असंही नाही. बिहारमधे नालंदा जिल्ह्यात सरकारी हायस्कुलांमधे प्रयोग झाला होता, सेहेर नावाचा, २०१८ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी राबवला आणि काही शाळांत खास त्यासाठी नेमून ट्रेनिंग दिलेल्या साध्या काउन्सेलरनी. मुलांमधे फरक पडला तो काउन्सेलरवाल्या शाळांत, शिक्षकवाल्यांत नाही.

मोजण्याचंच म्हणाल तर मी स्वतः एक साधी पद्धत जास्त वापरते. पहिल्या भेटीत मुलाला म्हणते तुला सगळ्यात जास्त छळणाऱ्या तीन गोष्टी तुझ्या शब्दांत लिही, आणि प्रत्येकीला ० ते १० दे. 'पप्पा जेवताना रँक विचारतात, ८' असलं काहीतरी येतं. मग दर भेटीत त्याच तीन गोष्टींना पुन्हा आकडा. आठाचा पाच झाला की मुलालाही दिसतं. यात दोन मुलांची तुलना होत नाही, वर्गाची सरासरी निघत नाही, म्हणून शाळांना हे आवडत नाही, रिपोर्टला रंग देता येत नाही ना. शाळेचं एकूण चित्र हवंच असेल तर एसडीक्यू ठेवा, पण नाव-रोल नंबर न घेता. आणि प्री-बोर्डच्या आठवड्यात नको.

जुना_लष्करकर:
'शिक्षकवाल्यांत नाही' हे जरा लागलं. पण सब्स्टिट्यूशन घेऊन वर हे पण कर म्हटलं तर कोणाकडून होणार, हेही खरंच. ती तीन गोष्टींची पद्धत नातवावर करून बघू का?

विश्वामित्री:
आजोबांनी केलेली चालेल, फक्त पहिल्या नंबरवर तुमचंच नाव आलं तर रागवायचं नाही.

सुदामानगरची:
अपडेट. मी आणि अनुस्वार दोघी प्रिन्सिपल मॅडमना भेटलो. आधी म्हणाल्या 'इट्स जस्ट अॅन ॲक्टिव्हिटी'. मग खातेवहींचं मधल्या पर्यायाचं गणित कागदावर करून दाखवलं, लगेच काउन्सेलरला बोलावलं. ती बिचारी नवीन मुलगी, तिने सांगितलं की फॉर्म वेंडरने भरून घेतला, रंग वेंडरने दिले, तिला शीट आमच्याबरोबरच मिळाली. २०२३ च्या डेटा कायद्यात १८ खालच्या मुलांच्या माहितीला पालकांची संमती लागते, ती कधी घेतली असं विचारलं, तर ॲडमिशन फॉर्ममधे सगळं येतं म्हणाल्या. त्यावर नवऱ्याने आता लेखी विचारलंय (ज्याने सोडून दे म्हटलं होतं तोच).

मिळालं काय, तर रंगवाले रिपोर्ट ॲपवरून काढले. ग्रुपवर शीट कोणी टाकली ते 'बघतो' म्हणाले, म्हणजे बघणार नाहीत. पुढच्या वेळी संमतीपत्र आधी येणार आणि लाल आलं तर घरी कागद न पाठवता काउन्सेलर आधी मुलाशी बोलेल, हे लिहून द्या म्हटलं, तोंडी हो झालंय. अनुस्वारच्या लेकीला काउन्सेलरने लगेच वेळ दिली ते मात्र चांगलं झालं.

चिरंजीवांना म्हटलं आता नीट वाचून भर बरं, घरीच, मी बघणार नाही. भरला. बघितला नाही. बघायची खूप इच्छा आहे.

पोहे_विदाउट_सेव:
बघू नका.

अनुस्वार:
शाळेने आता शिक्षकांचा फॉर्म पण भरायचं ठरवलंय, विश्वामित्रीताई, तो क्लास टीचरनेच भरायचा असतो का? आमच्या क्लास टीचर दिवाळीनंतर आल्यात, त्यांना अजून मुलांची नावं पाठ नाहीत.

विश्वामित्री:
मग त्यांनी नको. फॉर्ममधे मागच्या सहा महिन्यांतलं वागणं विचारतात, तेवढा काळ ज्यांनी मुलीला बघितलंय त्यांनी भरावा, पीटीचे सर असले तरी चालतील. कोणीच नसेल तर कोरा ठेवायला सांगा.